पाहुण्या संघातला भाऊ

२ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद घे आणि लाल शाई पण घे. गेल्या पत्रातल्या माझ्या चुकांना गोल करून तू ते पत्रच परत पाठवलंस. अख्ख्या लीगमध्ये मला टोकायची हिंमत फक्त रेफरीत आणि तुझ्यात आहे. आई गेली, तू शाळा सोडलीस, तेव्हा मीच अट घातली होती ना, की फोन नाही, पत्र लिहायचं, लिहिता हात मोडू द्यायचा नाही. आता भोगतो.

बातमी अशी की या महिन्याच्या शेवटी आमचा सामना तुमच्या शहरात आहे. तुमच्या म्हणजे एके काळी आमच्या. मागच्या वर्षी गुडघ्यामुळे मी तिथल्या सामन्याला आलो नव्हतो. म्हणजे संघ सोडल्यापासून त्या हॉलमध्ये आता पहिल्यांदाच पाय ठेवणार.

आणि योग बघ. एकाच सामन्यात गुण, रिबाउंड आणि बास्केट करून देणारे पास, तिन्ही दहाच्या वर न्यायचे, हे लीगमध्ये सगळ्यांत जास्त वेळा ज्यानं केलं त्या म्हातारबाबांच्या बरोबरीला मी परवा पोचलो. अजून एकदा केलं की विक्रम आपला. लोक विचारतात, तू गार्ड, आमच्यातला बुटका, तुला एवढे रिबाउंड मिळतात कसे? मी म्हणतो, उंच माणसं वाट बघतात, मी उडी मारतो. यात विद्या काही नाही.

हॉटेलात राहणार नाही. सरळ तुझ्याकडे येतो. दोन वर्षं झाली, नवी खोली दाखवली नाहीस, नवा कारखाना दाखवला नाहीस. तुझ्या मंडळींना सांगून ठेव, नाकतोडा येतोय म्हणावं. हे नाव तिथल्याच लोकांनी ठेवलेलं. विसरले नसतील.

तुझा
दादा

*

९ जानेवारी

दादा,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. विक्रमाच्या बरोबरीचा सामना मी पाहिला. शेवटचा पास तू न बघता दिलास, ते फार आवडलं. ('योग' बरोबर लिहिलास, पण 'म्हातारबाबां'वरचा अनुस्वार नंतर घातलेला दिसतो.)

येण्याबद्दल लिहायचं तर खोलीत सध्या चुन्याचं काम काढलं आहे. एक भिंत झाली, बाकीच्या राहिल्या आहेत. न्हाणीघरात पाणी झिरपतं, मालकीणबाई नळवाल्याला बोलावतात आणि नळवाला येत नाही. पलंग लहान आहे. तुझे पाय बाहेर राहतील आणि गुडघ्याला त्रास होईल. सामन्याच्या आदल्या दिवशी झोप नीट व्हायला हवी, हे तूच मला नेहमी सांगायचास. म्हणून वाटतं, या खेपेला हॉटेलच बरं. नंतर कधीतरी सवडीनं ये.

कारखान्यात ठीक चाललंय. दुकानांच्या पाट्या, कापडी फलक, कधी गाड्यांचे नंबर. माझ्याकडे फक्त अक्षरं असतात. शब्द तपासायचं कामही माझ्यावर आलं आहे, म्हणून मला पंडित म्हणतात.

थंडीत गुडघ्याला पट्टा बांधत जा.

तुझा
बारक्या

*

१४ जानेवारी

पंडित महाशय,

चुना, नळ, पलंग. एका दगडात तीन पक्षी मारलेस. खरं सांग, खोलीत कोणी आहे का? असेल तर मला आनंदच आहे. वहिनीसाहेबांना सांग, दीर उंबऱ्यावर झोपेल, पण चहा हवा. तू लहानपणी काहीतरी लपवलंस की असाच मुद्देसूद बोलायचास. पेरू चोरलास तेव्हा मला पेरूच्या झाडाची सगळी माहिती दिली होतीस.

बरं, खोली राहू दे. सकाळी सराव आटोपून कारखान्यात येतो. तुमच्या लोकांबरोबर चहा घेतो, दोन फोटो काढतो, जातो. पत्ता तुझ्या पाकिटावर आहेच.

दादा

*

१८ जानेवारी

दादा,

खोलीत कोणी नाही. तसं काही असतं तर तुलाच आधी कळवलं असतं.

कारखान्यात येऊ नको. हे वाक्य मी चार-पाच प्रकारे लिहून पाहिलं, पण प्रत्येक वेळी त्याचा अर्थ तोच झाला, म्हणून साधंच ठेवलं.

इथले लोक बास्केटबॉलचे वेडे आहेत. तू गेलास ते त्यांना फार लागलंय. आमचे थोरले पेंटरकाका बारा महिने संघाची टोपी घालतात. तुझं नाव निघालं की ते ब्रश खाली ठेवतात आणि म्हणतात, 'त्याला हाकलला असता तर आपण रडलो असतो. तो स्वतःच्या पायानं गेला रे!' तुझा भाऊ मी, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. विषय निघाला नाही.

तू समजून घेशील अशी आशा आहे.

बारक्या

*

२२ जानेवारी

बारक्या,

दोन वर्षं एका टेबलावर काम करता, माझ्या नावानं ते ब्रश खाली ठेवतात आणि विषय निघाला नाही! शाबास.

काकांना म्हणावं, तुमचं खरं आहे. स्वतःच्या पायानंच गेलो. कप हवा होता, म्हणून मोठ्या संघाकडे मीच शब्द टाकला. कप काही मिळाला नाही. हे पण सांग हवं तर. अरे हो, विषय निघत नाही ना.

हॉटेलात राहतो. सोबत एक पास पाठवतोय, खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखून ठेवलेल्या रांगेतला. तिथे बसलास तर लोकांना कळेल, म्हणून जबरदस्ती नाही. पण विक्रम झालाच, तर वर बघितल्यावर आपलं एखादं तोंड दिसावं असं वाटतं. बाकीचा सगळा हॉल हुर्यो उडवणार, ते मला ठाऊक आहे. त्याची सवय करून घेतलीय.

दादा

*

१ फेब्रुवारी

दादा,

हार्दिक अभिनंदन. आता तुझ्या पुढे कोणी नाही. आई असती तर तिनं दृष्ट काढली असती.

मला फार वाईट वाटतं की मी येऊ शकलो नाही. दुपारपासून अंगात ताप होता. पास टेबलावर ठेवला होता, कपडेही घातले होते, पण उभं राहवेना. मग शेजाऱ्यांकडे टीव्हीवर पाहिलं. तू खेळाडूंच्या बोगद्यातून बाहेर आलास तेव्हा तुझ्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती आणि तू ती कठड्यावर पाय ठेवून बांधलीस. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. तो शेवटचा रिबाउंड तर काय सांगावा! दोन उंच माणसांच्या मधून तू असा वर गेलास की रिंगच खाली आल्यासारखी वाटली.

लोक ओरडत होते ते मनावर घेऊ नको. गर्दीला अक्कल नसते.

ताप आता कमी आहे.

बारक्या

*

२० फेब्रुवारी

बारक्या,

ताप उतरला असेल. उत्तराला उशीर झाला. प्रवास होता, आणि खरं म्हणजे काय लिहावं ते सुचत नव्हतं.

मी नाडी बांधली ते टीव्हीवर दिसलं नाही. तेव्हा जाहिराती चालू होत्या. सामना मी नंतर पुन्हा बघितला, म्हणून माहीत.

पूर्वेकडच्या रिंगमागे एक मोठा फलक होता. 'नाकतोडा नव्हे, टोळ! पीक खाल्लं, उडून गेला.' पांढऱ्या कापडावर निळी अक्षरं. एक अक्षर कलंडलेलं नाही, एक ओळ उतरलेली नाही. मजकूर सोड, पण अक्षर सुरेख होतं. माझ्या पहिल्या बनियनच्या पाठीवर ज्यानं ऑइलपेंटनं नाव घातलं होतं, त्याचा 'ळ' असाच असायचा, पोटाशी जरा जास्त गोल. ते बनियन अंगाला चिकटलं होतं आणि सोडवताना आपण दोघंही रडलो होतो, तुला आठवत असेल.

कोणी रंगवला रे?

दादा

*

२५ फेब्रुवारी

दादा,

मी रंगवला.

मला ताप नव्हता. खोलीला चुना लावलेला नाही. नळ ठीक आहे. पलंग मात्र खरंच लहान आहे.

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर मी परत कुठेतरी वळसा घालीन. तू संघ सोडलास त्या आठवड्यात चौकात लोकांनी तुझ्या जर्सी जाळल्या. माझ्या जुन्या खोलीच्या दारावर कोणीतरी काळा रंग ओतला. तुला कळवलं नाही, कारण तुझा नव्या संघातला पहिला सामना होता. मी खोली बदलली, काम बदललं आणि नव्या ठिकाणी कोणाचा भाऊ आहे हे सांगितलं नाही. इथपर्यंत मला स्वतःची फारशी लाज वाटत नाही. घाबरलो होतो. पण नंतर भीती गेली आणि सवय राहिली. हे लोक वाईट नाहीत, दादा. मला कावीळ झाली तेव्हा पेंटरकाका रोज डबा आणायचे. तेव्हा मी कितीदा सांगू शकलो असतो.

तू येणार हे कळलं तसा कारखान्यात उत्साह आला. ढब्बू म्हणून आमच्यात एक जण आहे, कापड ताणायचं काम करतो. मजकूर त्यानं जुळवला. पेंटरकाका म्हणाले, 'अक्षरं पंडित काढेल. सगळ्या हॉलला वाचता आली पाहिजेत. आणि त्यालाही.' ढब्बूनं 'पिक' लिहिलं होतं. ते मी 'पीक' केलं.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. बोट कापलंय, पाठ धरली आहे, काहीही. खोटं सुचायला मला कधी अडचण आली नाही, तुलाच किती लिहिली. वाटलं होतं, निदान वाईट काढू, घाईत, कोणाचंही वाटेल असं. पण कापड ताणलं, ओळी आखायला खडूची दोरी मारली, आणि मग मला ते वाकडं काढवेना. हातच तसा चालला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर सगळे म्हणाले, पंडित, आजवरचं तुझं सर्वांत चांगलं काम. आणि मला बरं वाटलं. त्या क्षणी खरोखर बरं वाटलं.

तुझा पास खिशात होता. मी घरच्यांच्या रांगेत गेलो नाही, फलकाची डावी काठी धरून उभा राहिलो. तुझ्या हातात चेंडू आला की हॉल हुर्यो करायचा. मी नुसता ओठ हलवत होतो. पेंटरकाकांनी पाहिलं. 'पंडित, तुझा आवाज कुठे गेला? पोरींसारखा काय उभा आहेस?' मग मी ओरडलो. पहिल्यांदा हळू. पुढे सोपं गेलं. मला जे सांगायला इतके दिवस लागले ते हेच, की सोपं गेलं.

तू तो रिबाउंड घेतलास तेव्हा विक्रम झाल्याचं आधी माझ्या लक्षात आलं, मग लोकांच्या. मी सगळं विसरून उडीच मारली आणि दोन्ही हात वर गेले. हातात काठी होती. फलक उंच झाला. लोकांना वाटलं मी तुला डिवचलं. त्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. तू फलकाकडे बोट दाखवलंस, आणि मी कापडामागे तोंड लपवलं.

माफी मागायला हा कागद पुरणार नाही असं वाटतं, म्हणून मागत नाही. तू पत्र लिहिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन.

बारक्या

*

८ मार्च

बारक्या,

तुझं पत्र बसमध्ये वाचलं. मग बुटात घातलं, कारण खिसे नव्हते. मग सराव झाला आणि ते ओलं झालं. पण पाठ झालंय.

राग आला. आला नाही म्हणालो तर तू लगेच लाल गोल करशील. फलक मला वॉर्मअपमध्येच दिसला होता. आधी मजकूर वाचला, हसलो. टोळ, छान आहे, म्हटलं लोकांत डोकं आहे. मग 'ळ' दिसला. चेंडू तसाच हातात धरून वाचत राहिलो. कोच म्हणाले, बरं नाहीये का, बसतोस का? मी म्हटलं नाही.

त्या दिवशी मी जसा उडालो तसा कधी उडालो नव्हतो. पेपरवाल्यांनी लिहिलं, आग होती, सूड होता, जनतेला उत्तर होतं. काही नव्हतं रे. खाली उभं राहिलं की तो फलक वाचावा लागत होता. हवेत असलं की फक्त चेंडू दिसायचा.

आणि बोट मी डिवचायला दाखवलं नाही. सगळ्यांना तसंच वाटलं, लीगनं समजही दिली. शेजारच्या आमच्या उंच गड्याला मी सांगत होतो, ते बघ, ते माझ्या भावानं काढलंय. तो म्हणाला, वेडा आहेस का? मी म्हटलं, नाही, खरंच, बघ किती सरळ आहे.

त्याला सांगितलं खरं, पण त्याचा अर्थ काय ते नंतर हॉटेलात कळलं. मग मी दिवा लावलाच नाही.

दारावरचा काळा रंग तू एका ओळीत लिहिलास. ती ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. मी जाताना घर बदललं, संघ बदलला, डॉक्टर बदलला, सगळ्यांचा विचार केला. तू तिथेच राहणार, तर तुझं काय होईल, हे एकदाही मनात आलं नाही. नंतरही दर पत्रात मी माझा सामना कसा झाला ते लिहिलं आणि तू कसा आहेस ते शेवटच्या ओळीत. मलाच शरम वाटते. तेव्हा आपण फिट्टंफाट आहोत असं नाही म्हणत. दोन लाजा वेगवेगळ्या आहेत, त्यांची वजाबाकी होत नाही.

हंगाम पुढच्या महिन्यात संपतो. गुडघा आता डॉक्टरांचं ऐकत नाही, कदाचित पुढचा हंगाम नसेलही. संपल्यावर मला यायचंय. पण चोरासारखा, टोपी ओढून, मागच्या जिन्यानं येणार नाही. तू बोलावशील तेव्हा येईन, दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं. बोलावलं नाहीस तर येणार नाही, आणि तसं झालं तरी पत्र लिहीन.

दादा

*

१६ मार्च

दादा,

काल सांगितलं.

चहाच्या वेळेला सांगायचं ठरवलं होतं, कारण तेव्हा सगळे एका जागी असतात आणि कोणाच्या हातात ब्रश नसतो. मी म्हटलं, 'मला एक सांगायचंय. नाकतोडा माझा सख्खा भाऊ आहे.' ढब्बू म्हणाला, 'आणि मी त्याचा सासरा.' सगळे हसले. मीही हसलो असतो तर ते तिथेच मिटलं असतं. एक क्षण हसूही आलं होतं. पण मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, आणि मग खिशातला तुझा तो पास काढून पेंटरकाकांपुढे ठेवला. त्यावर माझं नाव आहे, इथे कधी न सांगितलेल्या आपल्या आडनावासकट.

त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला. मी वाट पाहत होतो की आता हे मला फितूर म्हणतील, घराचा पत्ता विचारतील, दार रंगवतील. दोन वर्षं मी याच गोष्टीला भीत आलो होतो. मनात उत्तरंही तयार होती. ती सगळी चांगली उत्तरं होती.

पेंटरकाका म्हणाले, 'म्हणजे तो फलक तू तुझ्या भावावर काढलास?'

मी म्हटलं, 'हो.'

'आम्ही परके,' ते म्हणाले. 'त्यानं आमचा विश्वास मोडला, आम्ही बोंबलणार. तो आमचा हक्क. उद्याही बोंबलू. पण तू कसा बोंबललास रे? मी तुला आवाज काढायला सांगितला. मला काय ठाऊक! तुला ठाऊक होतं ना?' मग त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. 'माझ्याकडून पाप करवून घेतलंस,' एवढं म्हणाले आणि कप घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले.

कोणी मला घालूनपाडून बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. दुपारनंतर मला अक्षरं दिली नाहीत. पाट्यांना रंगाआधीचं अस्तर मारायला दिलं. आजही तेच. अस्तर मात्र सारखं बसेल याची काळजी घेतली.

फलक गोदामात गुंडाळून ठेवला होता. फाडू का, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, 'फाडून तू मोकळा होशील. राहू दे.'

संध्याकाळी निघताना ढब्बूनं मला फाटकाशी गाठलं. मजकूर त्यालाच सुचला होता, याचं त्याला आता अवघड वाटत होतं. म्हणाला, 'तो येणार आहे का?' मी म्हटलं, बोलावणार आहे, कारखान्यातच, सकाळच्या वेळेला, सगळे असताना. तो म्हणाला, 'काका त्याला तोंडावर सुनावतील हं.' मी म्हटलं, सुनावू देत. मग तो बराच वेळ सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला.

तेव्हा दादा, हंगाम संपला की ये. हे बोलावणं आहे. पुढच्या दारानं ये. लोक चांगलं वागतीलच असं मी लिहून देत नाही. माझ्याशी ते कसं वागतील तेही माहीत नाही. मी आत लपणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

ढब्बूनं जाताना विचारलं, 'आल्यावर त्याला हाक काय मारायची? नाकतोडा म्हणायला आता कसंतरीच वाटतं.' मी म्हटलं, 'दादा म्हणा.'

तो म्हणाला, 'ते तू म्हण. आम्हाला ऐकायचंय.'

तुझा
बारक्या